कमरेच्या आणि खुब्याच्या दुखण्यावर इंजेक्शन घ्यायचं ठरवताना

“मॅडम, मणक्यात गॅप हाय म्हनले ओ. कमरंत इंजेक्शन घ्या म्हनले. घिऊ का नको, तेवढं सांगा.”

सोलापूरच्या पूर्व भागात फिजिओथेरपीचं काम करताना हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकायला मिळतो. विचारणारी कधी बीडी वळणारी मावशी असते, कधी बारा तासांची पाळी उभ्यानं काढणारा यंत्रमागावरचा कामगार, तर कधी रिक्षा चालवणारे काका. हातात एमआरआयची भलीमोठी पिशवी असते. मनात दोन भीती असतात: सुई चुकली तर पाय लुळे पडतील, आणि नाही घेतली तर ऑपरेशन करावं लागेल. बहुतेकांच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. आणि एका सुईत दुखणं कायमचं जाईल ही आशा असते, तीही सहसा पुरी होत नाही.

मी स्वतः ही इंजेक्शनं देत नाही. ते काम वेदनातज्ज्ञांचं, मणक्याच्या किंवा हाडांच्या सर्जनचं. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. पण इंजेक्शन वाया जातं ते बहुतेकदा याच दोन ठिकाणी, म्हणून इतक्या सविस्तर लिहितेय.

पहिली पायरी: दुखतं तिथं बोट ठेवा

सुई कुठे टोचायची हे एमआरआयच्या कागदावरून ठरत नाही. दुखणं कुठून येतं यावरून ठरतं. आपल्याकडे बरगडीखालपासून मांडीपर्यंत सगळ्याला “कंबर” म्हणायची पद्धत आहे, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

एक बीडी कामगार मावशी आल्या होत्या. मांडीवर सूप घेऊन तीस वर्षं बीड्या वळलेल्या. मणक्याचा एमआरआय झालेला, त्यात “गॅप” निघालेला, कमरेत इंजेक्शन घ्यायचं ठरलेलं. मी म्हटलं, “मावशी, दुखतं तिथं हात ठेवून दाखवा.” त्यांनी अंगठा मागे कुल्ल्यावर ठेवला, बाकीची चार बोटं पुढे जांघेकडे वळवली आणि खुबा मुठीत धरल्यासारखा धरला. म्हणाल्या, “हितं आत दुखायलंय बगा. मांडी घालून बसता येईना.” उताणं झोपवून गुडघा वाकवला आणि पाय आत वळवला, तर जांघेत कळ आली. खुब्याचा साधा एक्स-रे तोवर कुणी काढलाच नव्हता. काढला, तेव्हा सांधा झिजलेला दिसला. मणक्यातल्या सुईनं त्यांना काहीच उपयोग झाला नसता.

घरच्या घरी एवढं नीट पाहून ठेवा. कळ गुडघ्याच्या खाली, पोटरीत, पावलापर्यंत जात असेल, खोकताना-शिंकताना चमक मारत असेल, मुंग्या येत असतील, तर संशय मणक्यातून निघणाऱ्या नसेवर. कळ अंगठ्याकडे जाते की करंगळीकडे हेही लक्षात ठेवा. अंगठ्याकडे आणि पावलाच्या वरच्या बाजूला जात असेल तर बहुधा पाचव्या कंबर-मण्याची नस, टाच आणि करंगळीकडे जात असेल तर त्याखालची. डॉक्टरांना या एका वाक्याची मोठी मदत होते.

दुखणं कमरेच्या पट्ट्यातच राहत असेल, उभं राहून आणि मागे वाकून वाढत असेल, पुढे वाकलं किंवा बसलं की हलकं होत असेल, तर मणक्याच्या मागच्या बाजूच्या छोट्या सांध्यांचा, म्हणजे फॅसेट जॉइंटचा विचार होतो. एका बाजूला, पट्ट्याच्या खाली जिथं खळी पडते नेमकं तिथंच बोट जात असेल आणि अंथरुणात कूस बदलताना, खुर्चीतून उठताना चावत असेल, तर माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कटीचं हाड यांच्यामधला एसआय जॉइंट. जांघेत दुखत असेल, चप्पल घालायला वाकता येत नसेल, तर खुब्याचा सांधा. आणि खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखत असेल, त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर दुखणं सांध्यात नसून बाहेरच्या स्नायूंच्या दोऱ्यांत असतं.

आता त्या “गॅप”बद्दल, म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीत दिसणाऱ्या बदलाबद्दल. अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढून झालेले अभ्यास आहेत. 2015 मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या, कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही शंभरातल्या सुमारे 60 जणांची चकती फुगलेली दिसली. विशीतल्या शंभरातल्या 30 जणांचीही. म्हणून रिपोर्ट आणि तुमचं बोट, दोन्ही एकाच जागेकडे जात असतील तरच त्या रिपोर्टवर सुईचा निर्णय घ्यायचा.

इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायची वेळ

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसतो ती जागा बधिर झाली, दोन्ही पायांतला जोर जायला लागला, पाऊल वर उचलेना, असं काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, चोवीस तास उघडं असतं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग आधी तपासून घ्या. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही, आणि जंतुसंसर्ग असताना स्टेरॉइडची, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाची सुई म्हणजे आगीत तेल. कॅन्सर होऊन गेला असेल किंवा म्हाताऱ्या माणसाचं पडल्यावर कंबर दुखणं सुरू झालं असेल तर तेही आधी सांगा. आणखी एक, तरुण पुरुषांसाठी: तीस-चाळीस वयात जांघेत दुखतंय, आधी स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्यात किंवा दारू नियमित आहे, तर खुब्यात बसणाऱ्या मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटल्याची शक्यता असते. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, खुब्याचा एमआरआय लागतो.

कुठल्या दुखण्याला कुठली सुई

पायात उतरणाऱ्या कळीसाठी, म्हणजे सायटिकासाठी, एपिड्युरल इंजेक्शन देतात. मज्जारज्जू आणि नसा ज्या पिशवीत असतात त्या पिशवीच्या बाहेरच्या पोकळीत स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध सोडतात. वाटा तीन: दोन मणक्यांच्या मधून, माकडहाडाजवळच्या छिद्रातून, किंवा नस बाहेर पडते त्या खिडकीतून थेट तिच्याजवळ. तिसऱ्या प्रकाराला नर्व्ह रूट ब्लॉकही म्हणतात. सुईनं चकती परत आत जात नाही, हे स्पष्ट समजून घ्या. नसेभोवतीची सूज कमी होते, इतकंच. चकतीचा बाहेर आलेला भाग पुष्कळदा काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेतं. सुई तेवढा काळ सुसह्य करते. म्हणून नवी, तीव्र सायटिका असेल, कळीनं झोप लागत नसेल, तिथं तिचा उपयोग होतो. फायदा काही आठवड्यांचा आणि माफक असतो.

चालताना पाय भरून येतात, दोन मिनिटं वाकून उभं राहिलं की मोकळे होतात, असं वयस्कर माणसांत होतं ते मणक्याची नळी अरुंद झाल्यामुळे. 2014 मध्ये अमेरिकेत अशा 400 रुग्णांवर अभ्यास झाला. बधिर करणाऱ्या औषधात स्टेरॉइड मिसळून दिलं काय किंवा न मिसळता दिलं काय, सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनाही या त्रासाला एपिड्युरल देऊ नका असंच सांगतात. माझ्या ओळखीच्या आजोबांना याच कारणासाठी वर्षभरात पाच सुया झाल्या. चालणं होतं तेवढंच राहिलं, साखर मात्र तीनशेवर गेली. मला याचं फार वाईट वाटतं.

फॅसेटच्या दुखण्यात काम दोन टप्प्यांत होतं. आधी मीडिअल ब्रँच ब्लॉक, म्हणजे त्या सांध्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या बारीक नसांजवळ अर्धा मिलिलिटरही न भरणारं बधिर करणारं औषध. हा उपचार नाही, ही परीक्षा आहे. त्या काही तासांत दुखणं ठळकपणे कमी झालं तरच पुढे रेडिओफ्रिक्वेन्सी, ज्याला लोक “नस जाळणं” म्हणतात. सुईचं टोक साधारण 80 अंशांपर्यंत मिनिट-दीड मिनिट तापवतात. ही नस पायाला ताकद देणारी नसते, त्यामुळे पाय लुळा पडण्याची भीती बाळगू नका. सुई योग्य जागी आहे ना, पायाचे स्नायू उडत नाहीत ना, हे आधी हलका करंट देऊन तपासतात. नस पुन्हा वाढते, त्यामुळे गुण आला तर सहसा सहा महिने ते वर्षभर टिकतो. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. परीक्षेचा ब्लॉक न करता थेट नस जाळायचं पॅकेज कुणी सुचवलं, तर थांबा आणि दुसरं मत घ्या.

या सगळ्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. नेदरलँड्समधल्या 2017 च्या मोठ्या अभ्यासात व्यायामाला रेडिओफ्रिक्वेन्सीची जोड देऊन नुसत्या व्यायामापेक्षा फारसं काही जास्त मिळालं नाही. 2025 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका आंतरराष्ट्रीय गटानं तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या दुखण्याला अशा सुया देऊ नयेत असं ठामपणे लिहिलं. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. रोजच्या अनुभवावरून माझं मत असं की रुग्ण नीट निवडला तर गुण येतो, सरसकट दिलं तर येत नाही.

एसआय जॉइंटमध्ये सुई देण्याआधी डॉक्टर सांध्यावर ताण देऊन पाच चाचण्या करतात. निदान तीनमध्ये तेच दुखणं जागं झालं पाहिजे. खुब्याच्या सांध्यात सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या मदतीनं स्टेरॉइड देतात. आराम आठवडे ते काही महिने टिकतो. सांधा बदलायचं ऑपरेशन जवळ आलं असेल तर ही सुई घेऊ नका. सुई आणि ऑपरेशन यांच्यात किमान तीन महिने अंतर हवं, नाहीतर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ऑपरेशन शक्य नसलेल्या वृद्धांत खुब्याच्या सांध्याच्या नसांवरही रेडिओफ्रिक्वेन्सी करतात.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात मी सुईआधी व्यायामाचाच आग्रह धरते. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात 204 रुग्णांचे तीन गट केले. आठ आठवड्यांनी व्यायाम आणि सवयी बदलणाऱ्यांत शंभरातले 77 जण सुधारले, स्टेरॉइडची सुई घेणाऱ्यांत 58, नुसती वाट पाहणाऱ्यांत 29.

ओझोन वायूची सुई आणि पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या द्रवाची सुई, यांची जाहिरात आता जिकडेतिकडे दिसते. त्यांचा पुरावा अजून कच्चा आहे. कर्ज काढून तर नकोच.

होकार देण्याआधी विचारायचं

“डॉक्टर, सुई नेमकी कुठल्या जागी आणि कुठल्या बाजूला?” “औषध कुठलं आणि किती?” “सी-आर्मखाली देणार ना?” सी-आर्म म्हणजे टेबलाभोवती फिरणारं एक्स-रे यंत्र. मणक्यातलं इंजेक्शन नुसतं हातानं चाचपून घेऊ नका. “गुण नाही आला तर पुढे काय?” या प्रश्नाला “परत सुई” एवढंच उत्तर मिळालं, तर मला ते पुरेसं वाटत नाही. तीन सुयांचा कोर्स आधीच ठरवून सगळ्यांना देण्याला आधार नाही. एकीचा परिणाम पाहूनच दुसरीचं ठरवायचं.

खर्च लेखी विचारा: सुई, ऑपरेशन थिएटर, औषध, सगळं धरून. ईएसआयचं कार्ड असेल तर आधी तिथं विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्या.

तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. एपिड्युरलच्या आधी क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस आणि वॉरफरिन पाच दिवस बंद ठेवून रक्त तपासतात. फॅसेटच्या ब्लॉकला त्या बऱ्याचदा बंद कराव्या लागत नाहीत. पण शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून किंवा माझा लेख वाचला म्हणून गोळी बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर गोळी अचानक थांबणं जिवावर बेतू शकतं. हृदयरोगतज्ज्ञ आणि सुई देणारे डॉक्टर, दोघांचं बोलणं झालं पाहिजे.

मधुमेह असेल तर आधीच साखर आटोक्यात आणा. स्टेरॉइडनंतर ती काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे चढते. घरी ग्लुकोमीटर असू द्या, आणि आकडा किती झाला की गोळी-इन्सुलिन वाढवायचं हे आधीच लिहून घ्या. ताप, गळू, लघवीचा संसर्ग असेल तर तारीख पुढे ढकला. गरोदर असण्याची शक्यता असेल तर एक्स-रेआधी सांगा. आयोडीन, भुलीचं औषध यांची ॲलर्जी सांगा. उपाशी यायचं का, हे दवाखान्यालाच विचारा, कारण गुंगी देणार की नाही यावर ते अवलंबून असतं.

सोबत एक माणूस हवाच. मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शीकडून येणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी एसटीच्या मागच्या सीटवर बसून धक्के खात जाऊ नये. पाहुण्यांकडे एक रात्र काढा.

टेबलावर काय होतं

पालथं झोपवतात, पोटाखाली उशी देतात. पाठ जंतुनाशकानं पुसतात, ते गार लागतं. आधी कातडी बधिर करायची सुई, ती चावते. मग लांब सुई एक्स-रेत पाहत पुढे नेतात, थोडा रंग सोडून ती योग्य जागी आहे याची खात्री करतात आणि मग औषध. त्या वेळी पायात दाब, जडपणा, ओळखीची कळ जाणवू शकते. विजेचा झटका बसल्यासारखी कळ आली तर हलू नका, तोंडानं सांगा. म्हणूनच पूर्ण भूल सहसा देत नाहीत, तुमचं बोलणं डॉक्टरांना हवं असतं. सगळं मिळून पंधरा मिनिटं ते अर्धा तास. नंतर तासभर नजरेखाली ठेवतात. पाय काही तास जड किंवा बधिर राहू शकतो, पहिल्यांदा उठताना हात धरून उठा. त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

त्याच दिवशीची नोंद

यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काकांनी ब्लॉकनंतर घरी जाऊन दाते पंचांगाच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून आणलं होतं: “11 ला सुई. 11॥ ला दुखणं 8 चं 2. 1 वाजता जिना चढलो, 2. मागं वाकलो, 2. 4 ला 3. रात्री 8 ला परत 8.” त्या पाच ओळींनी जे सांगितलं ते हजारो रुपयांच्या एमआरआयनं सांगितलं नव्हतं. औषध जितके तास टिकतं तितकेच तास दुखणं गेलं होतं, म्हणजे जागा बरोबर होती.

परीक्षेचा ब्लॉक असेल तर घरी जाऊन झोपू नका. एरवी ज्यानं दुखतं तेच करून पाहा आणि दर तासाला शून्य ते दहात आकडा लिहा. सकाळी वेदनाशामक घ्यायची का, ते आधी विचारून ठेवा.

स्टेरॉइडची सुई असेल तर वेगळा क्रम. बधिर करणाऱ्या औषधानं दुपारी बरं वाटतं, रात्री दुखणं परत येतं, कधी जास्तच. घाबरून जायचं कारण नाही. स्टेरॉइडचा गुण दोन-तीन दिवसांनी दिसायला लागतो, कधी दोन आठवडे लागतात. टोचल्या जागी फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, शेक नको. चेहरा लाल होणं, एक-दोन रात्री झोप न लागणं, पाळी मागे-पुढे होणं हे आपोआप जातं. रेडिओफ्रिक्वेन्सीनंतर आठवडा-दोन आठवडे आग-आग होऊ शकते.

ताप, टोचल्या जागी पू, वाढत जाणारं कमरेचं दुखणं, पायातला जोर जाणं, लघवी अडकणं: लगेच परत जा. बसलं की असह्य डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं असेल तरी कळवा, मणक्यातलं पाणी झिरपत असू शकतं.

सुईनंतरचे सहा आठवडे

शेतकऱ्याला विचारा, पाऊस पडून गेल्यावर वापसा आला की तो काय करतो. चार दिवस हातचे गेले तर ज्वारीची पेरणी साधत नाही. दुखणं कमी झालेले हे आठवडे असेच आहेत. दुसऱ्या दिवसापासून घरात आणि मग गल्लीत चालायला लागा. आठवड्याच्या आत फिजिओथेरपिस्टकडे या. उताणं झोपून कंबर उचलायचा व्यायाम, कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, पोटाचे आतले स्नायू आवळायचे. सुरुवात दहा-दहानं. दुखणं गेलं म्हणून व्यायामाला न आलेले बहुतेकजण तीन महिन्यांनी पुन्हा येतात.

काम सोडा असं मी कुणाला सांगत नाही, ते शक्यच नसतं. बीडी वळणाऱ्या मावशींनी जमिनीऐवजी वीतभर उंचीच्या पाटावर, भिंतीला पाठ टेकून बसावं, आणि पन्नास बीड्या झाल्या की उठून पाणी प्यावं. मागावर उभं राहणाऱ्यांनी पायाखाली एक वीट ठेवून पाय आलटून-पालटून तिच्यावर ठेवावेत. संक्रांतीच्या आधी नंदीध्वजाच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत पेलायच्या उंच, जड काठीच्या सरावाला जायचं म्हणून सुई मागणारे भाविकही येतात. त्यांची श्रद्धा मला कळते, पण दुखण्याची जाणीव दाबून एवढं वजन पेलायला मी कधीच हो म्हणत नाही. त्या वर्षी मागे राहून चालावं.

दुसरी सुई

पहिलीनं निम्म्याहून जास्त गुण आला, महिने टिकला आणि मग दुखणं परतलं, तर दुसरीचा विचार होऊ शकतो. पहिलीनं काहीच झालं नाही, तर तीच सुई त्याच जागी पुन्हा नको. जागा चुकली का ते आधी शोधायचं. स्टेरॉइडच्या सुया वर्षात तीन-चारच्या वर जाऊ नयेत. त्यात गुडघ्यात आणि खांद्यात घेतलेल्याही मोजायच्या. पुढच्या डॉक्टरांना हा हिशेब कुणी देत नाही, म्हणून दवाखाना सोडण्याआधी चिठ्ठी मागून घ्या: तारीख, कुठला मणका किंवा सांधा, उजवी की डावी बाजू, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम. मोबाइलमध्ये फोटो काढा आणि मूळ कागद एमआरआयच्या पिशवीतच ठेवा.